‘फ्युएल-प्रूफ’ क्लिअर कोटबाबत तक्रार

पुणे
दि. १२ डिसेंबर २०२४

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : ‘फ्युएल-प्रूफ’ असं छापलेला क्लिअर कोट ग्लो इंधनाने विरघळल्याबाबत

स. न.

आपल्या क्लिअर कोट स्प्रेचे, म्हणजे रंगावर मारायच्या पारदर्शक संरक्षक थराचे, दोन कॅन मी रविवार पेठेतल्या रंगाच्या दुकानातून घेतले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. कॅनवर मॉडेल विमानाचं चित्र आहे आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘फ्युएल-प्रूफ’. कोणत्या इंधनाला, हे कॅन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला तरी सापडत नाही. पण चित्रच विमानाचं असल्यावर ही शंका ग्राहकाला का यावी?

माझं मॉडेल विमान बाल्साच्या हलक्या लाकडाचं आहे, छोट्या ग्लो इंजिनवर चालणारं ट्रेनर, म्हणजे उडवायला शिकण्यासाठीचं. त्याचं ग्लो इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, १५ टक्के नायट्रोमिथेन आणि बाकी एरंडेल व सिंथेटिक तेल. हे तेल इंजिनात फारसं जळत नाही. अर्धवट जळलेल्या इंधनासोबत सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि पार शेपटीपर्यंत विमानाची एक बाजू माखून टाकतं. क्लिअर कोट लावायचा तो याच्यासाठी. नुसती चकाकीच हवी असती तर स्वस्तातले पुष्कळ स्प्रे मिळतात.

कोट लावताना आपल्या सूचना तंतोतंत पाळल्या. पातळ थर दिले, दोन थरांमध्ये सांगितलेला वेळ सोडला. आपण २४ तास वाळू द्या म्हणता, मी आठवड्याहून जास्त दिले. तरी पहिल्याच उड्डाणानंतर सायलेन्सरखालचा भाग बोटाला चिकटू लागला. जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायला गेलो तर खालचा केशरी रंग फडक्यावर उतरला. टाकीच्या कप्प्याजवळ कोटाला सुरकुत्या पडल्या, दुधावरच्या सायीसारख्या. तिथून तेल बाल्सात झिरपलं आहे. तेल प्यायलेल्या लाकडावर पुढे कुठलाच रंग धरत नाही, त्यामुळे तेवढा भाग कापून नवीन लाकूड बसवावं लागणार.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. पहिल्या बाईंनी विचारलं, “सर, गाडीचं मॉडेल कोणतं?” दुसऱ्या गृहस्थांनी आणखी एक थर मारायला सांगितलं. तिसऱ्यांनी मात्र नकळत खरं सांगून टाकलं : “आमचं टेस्टिंग पेट्रोलवर झालेलं आहे.”

मग हे कॅनवर का नाही? पेट्रोलला टिकलेला थर मिथेनॉल-नायट्रोपुढे टिकेलच असं नाही, हे रंग बनवणाऱ्यांना मी सांगावं काय? आपला कोट एक-घटकी अॅक्रिलिक आहे. तो त्यातलं सॉल्व्हंट (रंग विरघळवणारं द्रावक) उडून गेल्यामुळे वाळतो, त्याची रासायनिक जोडणी होत नाही. अशा थराला दुसरं तेज सॉल्व्हंट लागलं की तो पुन्हा मऊ पडतो, आणि नायट्रोमिथेन अॅक्रिलिकसाठी चांगलंच तेज आहे. हार्डनर मिसळून लावायच्या टू-के, म्हणजे दोन-घटकी, पॉलियुरेथेनची गोष्ट वेगळी. त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, एकदा पक्का झाला की थर सहजी विरघळत नाही.

नुसतं पुस्तकी बोलतोय असं वाटू नये म्हणून चाचणीही केली. नाना पेठेत गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानातून टू-के क्लिअर आणि त्याचा हार्डनर आणला. दुकानदाराने मिश्रणाचं प्रमाण मार्करने झाकणावरच लिहून दिलं, शिवाय मास्क लावल्याशिवाय स्प्रे करू नका अशी तंबी दिली, कारण हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसाला वाईट. (आपल्या कॅनवर सगळ्यात बारीक अक्षरं नेमकी सुरक्षेच्या सूचनांचीच आहेत.) प्लायच्या एकाच पट्टीवर एका बाजूला आपला कोट, दुसऱ्या बाजूला टू-के. दोन्ही पूर्ण वाळल्यावर त्यांवर इंधनाचे थेंब टाकले आणि उडून जाऊ नयेत म्हणून बाटलीची झाकणं पालथी घातली. सकाळी आपल्या बाजूचा थर नखाने खरवडून निघाला. टू-केवर ओरखडाही उमटला नाही. दोन्हींचे फोटो सोबत आहेत.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही कॅनची किंमत परत मिळावी. रंग उतरवून, लाकूड बदलून विमान पुन्हा रंगवण्याच्या सामानाचा खर्च मिळावा. त्याचा हिशेब जोडला आहे, मजुरी धरलेली नाही. आणि या दोन्हींपेक्षा महत्त्वाचं, कॅनवर स्पष्ट छापावं : पेट्रोलला चालतो की ग्लो इंधनाला, आणि ग्लोला चालत असेल तर किती टक्के नायट्रोपर्यंत. तोवर ते विमानाचं चित्र काढून टाकावं. नवशिकी मुलं चित्र बघूनच कॅन उचलतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूवरचं लेबलही जाहिरातीतच मोडतं आणि वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, म्हणजे हेलपाटा आपल्यालाच पडेल.

उरलेला कॅन आणि चाचणीची पट्टी माझ्याकडे जपून ठेवली आहे. तपासायला माणूस पाठवणार असाल तर रसायनं कळणारा पाठवावा.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)

सोबत : बिलाची प्रत, फोटो, खर्चाचा हिशेब