बाई, ते कार्ड सापडलं

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावात सलाम.

घर बदलताना जुन्या डायरीतून तुमचं कार्ड खाली पडलं. तुमच्या सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या, ग्रंथालयातल्या लाकडी खणांमधलं, तळाशी भोक असलेलं, पिवळट पडलेलं. पुढच्या बाजूला कुठल्याशा प्रवचनसंग्रहाची टाइप केलेली नोंद आणि मागं माझ्या अक्षरात चार ओळी. 2008 च्या पावसाळ्यात तुम्ही सांगितल्यात आणि मी लिहून घेतल्या. तेव्हापासून तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. तुम्हाला आपलं नाव छापलेलं आवडत नाही, म्हणून ते लिहीत नाही. पत्र मात्र उघडच लिहिते आहे, कारण सत्य असं काही असतं तरी का, या ज्या चिखलात तेव्हा मी रुतले होते त्यात आज माझे विद्यार्थी रुतलेले दिसतात. आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, काही मुलंही.

मी तेव्हा एम.फिल.साठी पंडिता रमाबाईंची पत्रं घेऊन बसले होते. आमच्या विभागात फुको हा फ्रेंच तत्त्वज्ञ वाचला नसेल तर कँटीनमध्ये चहालाही कोणी हाक मारत नसे. ज्ञान आणि सत्ता यांची गाठ सुटत नाही, सत्य सापडत नसतं, ते घडवलं जातं, हे सगळं मला पाठ होतं. ल्योतार या दुसऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञाचं 1979 चं ते प्रसिद्ध वचनही: उत्तर-आधुनिक म्हणजे महाकथनांवरचा, सगळ्याचा उलगडा करू पाहणाऱ्या मोठ्या कथांवरचा, अविश्वास. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी याच चालीवर लिहिलं. धर्मांतर म्हणजे वसाहतीच्या सत्तेनं घडवलेली भाषा, बस्स. मार्गदर्शक खूश. दोन दिवसांनी टाइप केलेली प्रत वाचताना माझ्या लक्षात आलं की त्या प्रकरणात माझी पणजी आहे.

1900 च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी केडगावला आणलेल्या मुलींपैकी ती एक. रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. म्हातारपणीही तिला अक्षरं उलटी वाचता यायची असं आजी सांगायची. आमच्या तीन पिढ्या तिच्या प्रार्थनेवर वाढल्या आणि मी तिला एका परिच्छेदात मिटवलं होतं, वर चार तळटीपा लावून.

विचारायला मी आधी मंडळीतच गेले. त्याच आठवड्यात व्यासपीठावरून उत्तर आलं: हे उत्तर-आधुनिक वगैरे सैतानाचं काम आहे, सत्य एकच आहे आणि ते आपल्याकडे आहे. एवढ्या मोठ्या आवाजात की माइक किंचाळला. माझी भीती उलट वाढली. फुको सांगतो तो प्रकार माझ्यासमोर टाय लावून उभा होता.

म्हणून तुमच्याकडे आले आणि म्हणाले, फुकोला खोडून काढणारं एखादं पुस्तक द्या. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "खोडायचं कशाला? आधी योहान अठरा वाच. मग बोलू."

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या चरित्राचा, अठरावा अध्याय वाचला. येशूचा खटला चालवणारा रोमन सुभेदार पिलात त्याला विचारतो, सत्य काय आहे? यावर संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की पिलात म्हणजे कशावरच विश्वास नसलेला माणूस. पुढं कोणीतरी देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञालाही त्याच बाकावर बसवलं. तुम्ही ते मानलं नाहीत. "तो तत्त्वज्ञ नाही गं, साहेब आहे. उत्तर ऐकायलाही थांबत नाही, बाहेर निघून जातो. सत्य काय ते ठरवायचा शिक्का त्याच्या हातात आहे. तुझा फुको या माणसाला बरोबर ओळखेल." बाई, सत्तेवर संशय घ्यायला शुभवर्तमानच शिकवतं, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. फुकोची बाजू घेणारी पहिली ख्रिस्ती व्यक्ती मला भेटली ती सेमिनरीच्या काउंटरवर, डिंकाच्या बाटलीमागं.

पण तुम्ही मला तिथंच सोडलं नाहीत. "आता सांग, प्रेषितांच्या मतांगीकारात येशू आणि मरियेखेरीज दुसऱ्या कोणाचं नाव येतं?" पंतय पिलाताचं. मतांगीकार म्हणजे आमच्या श्रद्धेची कलमं; दर रविवारी उपासनेत म्हणत असूनही माझ्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं. सत्य काय असं विचारून निघून गेलेल्या माणसाचं नाव मंडळीनं तारखेच्या शिक्क्यासारखं आपल्या श्रद्धेवर उमटवून ठेवलंय. का? तर हे कधीतरी, कुठंतरी, कुणाच्या तरी अमलाखाली घडलं, एवढं ठाम सांगायचंय म्हणून. इस्राएलमधल्या कैसरियाच्या पडक्या नाट्यगृहात 1961 साली सापडलेल्या, पिलाताचं नाव कोरलेल्या दगडाचा फोटोही तुम्ही काढून दाखवलात. "दगड मिळाला म्हणून पुनरुत्थान सिद्ध होत नाही हं," हेही लगेच बजावलंत. अर्थ लावणारे शंभर असतील, पण ज्याचा अर्थ लावायचा ते काहीतरी घडलेलं असतं, एवढाच तुमचा मुद्दा होता.

मग ते कार्ड. क्रुसावरच्या पाटीवर काय लिहिलं होतं ते चारही शुभवर्तमानांतून उतरवून घे म्हणालात.

मार्क: यहूद्यांचा राजा.
मत्तय: हा यहूद्यांचा राजा येशू आहे.
लूक: हा यहूद्यांचा राजा आहे.
योहान: येशू नासोरी, यहूद्यांचा राजा.

पाटी एकच आणि मजकूर चार तऱ्हांचा. योहान तर सांगतो की ती तीन भाषांत होती, आणि मजकूर बदला म्हणणाऱ्यांना पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. मी घाबरून तुमच्याकडे पाहिलं, कारण विभागात कोणी हे दाखवलं असतं तर माझी बोलतीच बंद झाली असती. तुम्ही हसत होतात. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या एकानं या चारांचं मिळून सलग एकच शुभवर्तमान तयार केलं होतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. सिरियाकडच्या मंडळ्यांत ते खूप चाललं. पाचव्या शतकात थिओडोरेट या बिशपानं त्याच्या दोनशेहून जास्त प्रती गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्या जागी चारही शुभवर्तमानं दिली. एकच, गुळगुळीत, विसंगती नसलेली कथा हातात असताना मंडळीनं चार साक्षीदार ठेवले. पाहणारा कुठंतरी उभा राहूनच पाहतो, हे ल्योतारच्या आधी बरीच शतकं आपल्याकडे मान्य होतं. मात्र चौघंही एकाच क्रुसाकडे पाहत होते. (थिओडोरेटनं पुस्तकं अशी उचलून नेणं मला आजही खटकतं. ग्रंथपाल असून तुम्हाला कसं खटकलं नाही?)

लेस्ली न्यूबिगिन या इंग्रज मिशनऱ्याची पुस्तकंही तुम्हीच दिलीत. 1936 साली मद्रासला उतरलेले, कांचीपुरमला रामकृष्ण मिशनच्या संन्याशांबरोबर बसून आळीपाळीनं उपनिषद आणि योहान वाचणारे, 1947 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाचे बिशप झालेले आणि 1974 ला मायदेशी परतल्यावर इंग्लंडलाच मिशनरी हवेत असं म्हणू लागलेले. हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीबद्दलचं त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही. सगळ्यांना थोडंथोडंच सत्य कळतं हे पटवायला आपण ती गोष्ट सांगतो. पण सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसत असल्याशिवाय ती सांगताच येत नाही. नम्रतेच्या पांघरुणाखाली तोच गोष्टीतला, सगळं दिसणारा राजा होऊन बसतो. मी टाळी वाजवणार होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "व्यासपीठावर चढल्यावर आपणही राजाच होतो. ते तेवढं विसरू नकोस."

न्यूबिगिनच्याच दुसऱ्या एका पातळ पुस्तकातून मला कळलं की मंडळीतला तो किंचाळणारा माइक आणि आमचं कँटीन यांचं मागणं एकच होतं: शंकेला जागाच उरणार नाही असं ज्ञान. एकाला ते आपल्या खिशात आहे असं वाटत होतं. दुसऱ्याला ते मिळत नाही म्हणून सगळंच खोटं वाटत होतं. "दोघंही देकार्तची लेकरं," तुम्ही म्हणालात; शंकेपलीकडची खात्री शोधणारा तो फ्रेंच तत्त्वज्ञ. मायकेल पोलान्यी हा रसायनशास्त्रज्ञ त्याच पुस्तकातून भेटला. प्रयोगशाळेतला माणूसही आधी कशावर तरी भरवसा टाकतो, मगच त्याला काही कळतं, असं सांगणारा. आणि हिब्रूत सत्याला जो शब्द आहे, एमेत, त्याचा आणि आपल्या आमेनचा धातू एकच. ज्यावर भार टाकला तरी जे ढळत नाही, ते. "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे" हे वाक्य मी लहानपणापासून भांडणात फेकायचा दगड म्हणूनच ऐकलं होतं. एका माणसावर भार टाकायला सांगणारं बोलावणं म्हणून ते पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं.

तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. फुको काढला नाही. दुष्काळ, मिशनचा पैसा, इंग्रजी राज्य, सगळं ठेवलं, कारण ते खरंच होतं. पण 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई दोनच वर्षांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनला पत्रामागून पत्र लिहून त्रैक्यावर, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र व पवित्र आत्मा या शिकवणीवर, वाद घालतात आणि केवळ चर्च सांगतं म्हणून मी मानणार नाही असं कळवतात. धर्मांतर म्हणजे नुसता सत्तेचा आवाज असेल, तर सत्तेशी हुज्जत घालणारा हा आवाज कोणाचा? मार्गदर्शकांनी तिथं पेन्सिलनं एक प्रश्नचिन्ह काढलं आणि प्रकरण मंजूर केलं.

पणजीबद्दल मी आजीला जाऊन विचारलं, तेही तुम्ही पाठवलंत म्हणून. आजी म्हणाली, "ती सांगायची, आले ते भाकरीसाठी. ते कोणी लपवलं नाही. पण भाकरी नंतर सगळीकडेच मिळायला लागली. मी राहिले." हे प्रबंधात घातलं नाही. तळटीप कशी द्यायची ते कळेना.

बाई, ते पातळ पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. तुमच्या नावावर काढून दिलेलं, आत शिक्का 14 ऑगस्ट 2008 चा. या रविवारी उपासना झाल्यावर घेऊन येते. दंड तुमच्या पगारातून कापला गेला असेल तर तोही सांगा, आणि चहा टाकून ठेवा.

तुमची,
तिसऱ्या प्रकरणवाली