बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप दुकानांतूनही हटवा

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. चादरी-टॉवेलचा छोटा व्यापार आहे. महिन्यातून तीन-चार वेळा माल घेऊन स्वतः गाडी चालवत पुण्याला जातो. गेल्या गाळप हंगामात टेंभुर्णीच्या अलीकडे माझ्या दाजींची गाडी रात्री उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. दाजी वाचले. पण छाती स्टिअरिंगवर आपटून बरगड्या मोडल्या, जबड्याचं ऑपरेशन झालं. आजही त्यांना कडक भाकरी चावता येत नाही, ताई दुधात कुस्करून देते.

दुसऱ्या दिवशी गाडीतली कागदपत्रं काढायला मी गेलो. ड्रायव्हरच्या बेल्टचं बकल बघितलं, तर त्यात एक चकचकीत क्लिप खोचलेली. वर गाडीच्या कंपनीचा लोगो. पट्टा मात्र दाराजवळच्या खांबाला गुंडाळलेला, जसाच्या तसा. त्या गाडीला शेवटपर्यंत वाटत होतं की दाजींनी बेल्ट लावलाय.

ही क्लिप तुम्हाला ठाऊक आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचं ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अपघाती निधन झालं, त्यानंतर तुम्हीच जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं की चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांतून प्रवास करताना पुढच्या सीटवर तुम्हाला हीच क्लिप दिसली आणि बेल्ट लावल्यावरच तुम्ही गाडी पुढे जाऊ दिली. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितोय. ज्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, असा माणूस त्या खुर्चीवर आहे.

मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिप काढून टाकायला सांगितलं आणि १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. तुमच्याच मंत्रालयाने त्यासाठी पाठपुरावा केला होता. काम चांगलं झालं. पण आमच्याकडे गाडीचं सामान घ्यायला माणूस दुकानात जातो. मी परवा मुद्दाम एका दुकानात सीट कव्हर बघायला गेलो. मी विचारलंही नव्हतं, पोरगा म्हणाला, "मालक, बेल्टची क्लिप टाकू का? आवाज बंद होतोय बघा." काउंटरवर चावीच्या कीचेनशेजारी ती टांगलेली होती. त्या पोराचा मला राग आला नाही. ही वस्तू विकणं चुकीचं आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलंच नसणार.

लोक ती का घेतात, हेही सांगतो, कारण सगळेच काही बेफिकीर नसतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटसाठी बेल्टची आठवण करून देणारा आवाज सक्तीचा झाला. शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. त्याला माणूस आणि चादरींचा गठ्ठा यांतला फरक कळत नाही. आठ-दहा किलोचा गठ्ठा ठेवला की टूंग टूंग सुरू, आणि मोहोळ येईपर्यंत माणूस वैतागतो. दाजींनी क्लिप घेतली ती या गठ्ठ्यांच्या आवाजासाठीच. मग एक दिवस ती शेजारच्या बकलमधून निघून स्वतःच्या बकलमध्ये गेली, कारण घालायला अर्धा सेकंदही लागत नाही. खरं तर उपाय साधा आहे. गठ्ठा डिकीत टाकावा, नाहीतर सीटवर ठेवून त्यालाच बेल्ट लावावा. आवाजही थांबतो आणि जोरात ब्रेक लागला तर गठ्ठा उडून समोर आदळत नाही. मी आता तसंच करतो. पण गाडी विकताना शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. गाणी कशी लावायची, फोन कसा जोडायचा हे अर्धा तास शिकवतात. डिलिव्हरी देताना बेल्टचा आवाज का होतो आणि सामान ठेवल्यावर काय करायचं, हे सांगणं कंपन्यांना बंधनकारक करा, अशी माझी एक विनंती आहे.

आता मुख्य विनंती. बकलला फक्त इतकंच कळतं की आत पत्र्याची जीभ गेली की नाही. तो पट्टा कुणाच्या छातीवरून आलाय का, हे त्याला कळत नाही. म्हणून एवढीशी क्लिप अख्ख्या यंत्रणेला फसवते. पट्टा रिळातून किती बाहेर आला हे मोजणं किंवा माणूस बसायच्या आधीच बकल लागलेलं असेल तर इशारा देणं, अशी काहीतरी अट नव्या गाड्यांच्या मानकात घाला. आमच्या गाड्यांत दार उघडं राहिलं तर कळतं, चाकातली हवा कमी झाली तर कळतं. तिथवर जे इंजिनिअर पोचलेत, त्यांना हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

एअरबॅग आहे की, असं सांगणारे भेटतात. स्टिअरिंगवर 'एसआरएस' लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या 'एस'चा अर्थच पूरक असा आहे. बेल्टने अंग धरून ठेवायचं आणि मग एअरबॅगने झेलायचं, अशी ती जोडी आहे. बेल्ट नसेल तर माणूस फुगणाऱ्या पिशवीवर नको त्या जागी, नको त्या वेळी जाऊन आदळतो. तुमच्याच मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ माणसं गेल्याची नोंद आहे. त्यातले ८,३८४ चालक, ८,३३१ प्रवासी. हा जवळजवळ निम्मा-निम्मा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो, कारण आमच्याकडे बेल्ट हे ड्रायव्हरचं काम समजलं जातं. तेही शहराच्या वेशीवरचं बाळे ओलांडल्यावर. गावात कशाला बेल्ट, असं शिकलेली माणसंही म्हणतात.

आणि मागच्या सीटचं तर काय सांगू. मिस्त्रींच्या गाडीत पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे बेल्ट लावून नव्हते, ते गेले. त्याच महिन्यात मागच्या सीटलाही आवाज बसवण्याचा मसुदा तुम्ही काढलात. मागच्या माणसानेही बेल्ट लावायचा हा नियम त्याच्या कितीतरी आधीचा आहे, मोडला तर हजार रुपये दंडही आहे. पण सोलापुरातून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणाऱ्या भाड्याच्या गाड्या एकदा बघा. मागची बकलं सीट कव्हरखाली शिवून टाकलेली असतात. गेल्या महिन्यात आईला तुळजापूरला नेताना गाडी भाड्याने केली होती. बेल्ट लावायला गेलो तर बकलच सापडेना. ड्रायव्हर चांगला माणूस, म्हणाला, "अण्णा, मागं कोण लावतंय ओ?" कव्हर उसवून मी एक बकल वर काढलं आणि आईला बेल्ट लावला. दुसरं निघालं नाही. माझी बायको तशीच बसली आणि जाऊन-येऊन माझं लक्ष रस्त्यापेक्षा तिच्याकडेच होतं.

भाड्याच्या गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागतं. त्या तपासणीत मागची प्रत्येक बकल वर आहे का, पट्टा ओढला तर बाहेर येतो का, एवढं हाताने बघायला लावा. त्याला नवं यंत्र नको, नवा कायदाही नको. बकल झाकणारं कव्हर बसवणाऱ्या दुकानांना आणि क्लिप विकणाऱ्यांना नोटीस द्यायला राज्यांना कळवा. ऑनलाइन जे तुम्ही करून घेतलंत, ते बाजारपेठेत होऊ द्या.

जानेवारीत संक्रांतीला आमच्याकडे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. लांबलांबून माणसं घरातली म्हातारी, पोरंबाळं घेऊन भाड्याच्या गाड्यांनी येतात. त्याआधी सोलापूर जिल्ह्यातल्या पर्यटक गाड्यांची अशी एक तपासणी झाली, तर बरं होईल. आमचे दाजी अजून गाडीत बसत नाहीत. बसतील तेव्हा मागेच बसतील, असं ताई म्हणते.

कळावे,
आपला,
सोलापूरचा एक व्यापारी आणि वाहनचालक