ऑलिंपिकच्या घोड्याची मालकी एक वर्ष आधी ठरावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑलिंपिकमधल्या घोडेस्वारीची बातमी येते तेव्हा स्वाराचे नाव, देश आणि पदक छापून येते. घोडा कोणाच्या मालकीचा, हे सहसा वाचायला मिळत नाही. या खेळात तो प्रश्न स्वाराच्या नागरिकत्वाइतकाच मोलाचा आहे. त्याबद्दलच्या नियमात एक दुरुस्ती व्हावी असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

एरवीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मालक एका देशाचा आणि स्वार दुसऱ्या देशाचा, हे सर्रास चालते. ऑलिंपिकमध्ये चालत नाही. तिथे मालकही स्वाराच्याच देशाचा लागतो आणि तशी नोंद एफईआय या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे ऑलिंपिक वर्षाच्या १५ जानेवारीपर्यंत व्हावी लागते. मालक दोन देशांचे असतील, तर घोडा कोणत्या देशाकडून उतरणार हे आधीच लिहून द्यावे लागते. घोडा जन्मला कुठे, याला मात्र काही महत्त्व नाही. २००८ साली कॅनडाच्या एरिक लमाझला सुवर्णपदक मिळवून देणारा हिकस्टेड नेदरलँड्सच्या पैदाशीचा होता. लंडन आणि रिओमध्ये ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिनला सुवर्णपदके मिळाली तो वॅलेग्रोही तिथलाच. यात मला काही गैर वाटत नाही. चांगला घोडा ओळखून, वर्षानुवर्षे मेहनत घेऊन त्याला तयार करणाऱ्याचे श्रेय त्यालाच मिळायला हवे.

मालकीची अटही योग्यच आहे. ती नसती तर श्रीमंत संघांनी ऐन हंगामात जगातले उत्तम घोडे उसने घेतले असते. शिवाय या अटीमुळे स्वाराच्या देशातल्याच कोणाला तरी त्याच्यामागे उभे राहावे लागते. टोकियोत भारताचा फौआद मिर्झा २३वा आला तो जर्मन पैदाशीच्या घोड्यावर, पण त्या घोड्याची मालकी भारतीय होती.

माझा आक्षेप आहे तो तारखेला. जानेवारीपासून ऑलिंपिकपर्यंत जेमतेम सहा-सात महिने उरतात. त्यामुळे आदल्या वर्षीचा शरद आणि हिवाळा म्हणजे घोड्यांच्या खरेदी-विक्रीचा सुगीचा काळ होऊन बसतो. बहुतेक अव्वल स्वार स्वतःच्या घोड्यावर बसत नाहीत. घोडा मालकाचा असतो. चार-पाच वर्षे घडवलेला घोडा एका सहीने दुसऱ्या देशाचा होतो आणि स्वार रिकाम्या तबेल्यात उभा राहतो. मी मालकांना दोष देत नाही. घोड्याची कारकीर्द लहान असते, पोसण्याचा खर्च थांबत नाही, एक दुखापत झाली की सगळे संपते. अशा वेळी लाखो युरोंचा देकार नाकारायला फार मोठे मन लागते. म्हणूनच तो देकार कधी येऊ शकतो, हे नियमाने ठरवायला हवे.

घोडा ही काही सायकल नव्हे, की सीट खालीवर केली आणि निघाले. टोटिलास या घोड्याचे उदाहरण पाहा. नेदरलँड्सच्या एडवर्ड गाल या स्वाराबरोबर त्याने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींना गुण देणाऱ्या प्रकारात, ९० टक्के गुणांची रेषा प्रथम ओलांडली आणि २०१०च्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदके जिंकली. त्याच ऑक्टोबरमध्ये तो जर्मनीत विकला गेला. लंडन ऑलिंपिकला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता, तरी टोटिलास ऑलिंपिकच्या रिंगणात कधीच उतरला नाही. स्वाराचे आजारपण, घोड्याच्या दुखापती ही कारणे होतीच. पण इतर स्पर्धांत उतरला तिथेही गालबरोबरची ती जादू पुन्हा दिसली नाही. दोन वर्षांत जे साधले नाही, ते सहा महिन्यांत कसे साधावे?

कोणी म्हणेल, चांगला स्वार कुठलाही घोडा चालवतो. शो जंपिंगच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या, जागतिक स्पर्धेत अंतिम चार स्वार एकमेकांच्या घोड्यांवर बसत, हेही खरे. २०१४नंतर ती पद्धत बंद झाली, ते बरेच झाले. त्यात स्वाराचे कसब दिसे, पण एका दिवसात चार अनोळखी-ओळखीची माणसे पाठीवर घेण्याचा ताण घोड्यावर पडे.

आता स्वाराचा नियम पाहा. एका देशाकडून खेळलेल्या खेळाडूने नागरिकत्व बदलले, तर ऑलिंपिक सनदेप्रमाणे त्याला साधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते. संबंधितांच्या संमतीनेच ती मुदत कमी होते. माणसाला तीन वर्षे आणि घोड्याला सहा महिने! दोघे मिळून एकच स्पर्धक असताना हा फरक मला पटत नाही. स्वार आणि घोडा या जोडीने पात्रतेचे किमान गुण मिळवले पाहिजेत ही अट आहे, पण तेवढ्याने जोडी जमली असे होत नाही.

मालकीची नोंद ऑलिंपिकच्या आदल्या वर्षीच्या १५ जानेवारीपर्यंत व्हावी, एवढीच माझी सूचना आहे. लहान देशांकडे एखादाच घोडा असतो आणि तो ऐन वेळी लंगडला तर काय, ही अडचण खरी आहे. पशुवैद्यकीय प्रमाणपत्रावर तेवढ्यापुरती सवलत द्यावी. बदल घाईने नको, झालेले व्यवहार मोडायला नकोत. २०३२च्या ब्रिस्बेन ऑलिंपिकपासून तो लागू करता येईल; म्हणजे १५ जानेवारी २०३१ ही तारीख स्वार, मालक आणि महासंघ सगळ्यांना पुरेशी आधी कळेल.

आपला,
एक वाचक