सूचना : किशोरवयीन मुलांसह पहिल्यांदा क्रूझला निघणाऱ्या कुटुंबांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार.

मुंबईहून जहाज असेल तर पुण्याहून रस्त्याने निघू नका, घाटातल्या कोंडीचा भरवसा नसतो. पुण्याहून सकाळी ७.१५ला सुटणारी डेक्कन क्वीन रेल्वे बरी. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझ जहाजांचा धक्का, टॅक्सीने जवळच आहे. मुलांचंही मूळ ओळखपत्र सोबत हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि केबिनपाशी पोचायला काही तास लागतात. त्यामुळे औषधं, चार्जर, पोहण्याचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्येच ठेवा. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, तपासणीत काढून घेतात.

सगळ्यात महत्त्वाचं मोबाइलचं. किनारा सुटला की फोन जहाजावरचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल भरमसाट येतं. मुलांचे फोन बंदर सोडण्याआधीच एअरप्लेन मोडवर टाका. वायफाय वेगळं चालू करता येतं. फोन लागणार नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा.

सुरक्षा कवायत मुलांनाही सक्तीची आहे, कृपया टाळू देऊ नका. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन मागा, तिथे डुलणं कमी जाणवतं. गोळी डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू होण्याआधीच द्यावी.