शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : भावनांचा वेगळा तास नको, वर्गशिक्षकाला वेळ द्या

मा. शिक्षणमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी शाळेत शिकवते, वर्गशिक्षिका आहे. मुलांच्या सामाजिक आणि भावनिक विकासाबद्दल हल्ली धोरणात लिहिलं जातं, भाषणात बोललं जातं, आणि याचा मला मनापासून आनंद आहे कारण पूर्वी हा विषयच कोणी काढत नव्हतं. पण प्रत्येक वेळी शेवट एकच होतो, वेळापत्रकात एक जादा तास, एक पुस्तिका, दोन दिवसांचं ट्रेनिंग, मग उपक्रमाचे फोटो अपलोड करा आणि रिपोर्ट पाठवा. त्या तासाला आम्ही मुलांना सहानुभूती म्हणजे काय ते सांगतो आणि पुढच्या तासाला कोणाचं तरी सगळ्यांसमोर वाभाडं निघतं. मुलं यातलं कुठलं लक्षात ठेवणार, तुम्हीच सांगा.

हे सगळं खरं तर गणिताच्या नाहीतर भाषेच्या तासालाच घडतं हो. फळ्यावर गणित सोडवताना एखादं पोरगं अडकतं, मागून कोणीतरी हसतं, आणि मग शिक्षक जे काही बोलतील त्यावर बरंच काही ठरतं. "एवढंही येत नाही? बस खाली" म्हटलं की तो मुलगा परत हात वर करत नाही, आणि हसणाऱ्यांनाही कळतं की इथे हसलेलं चालतं. "इथपर्यंत बरोबर आलंय, पुढची पायरी कोणाला सुचतेय, त्याला मदत करा" म्हटलं तर तेच गणित, तोच तास, पण वर्ग वेगळं काहीतरी शिकून जातो.

भांडणाचंही तसंच. दोघांना उभं करायचं, "चला, सॉरी म्हणा एकमेकांना" म्हणायचं आणि विषय मिटवायचा, कारण पोर्शन राहिलाय. त्या सॉरीला काही अर्थ नसतो, दोघंही मधल्या सुट्टीत पुन्हा भिडतात. त्याऐवजी दोघांना बाजूला घेऊन, आधी शांत होऊ देऊन (रागाच्या भरात मुलाशी वाद घालून काही उपयोग नाही, त्याला तेव्हा ऐकूच येत नसतं), काय झालं, तुला तेव्हा काय वाटलं, त्याला काय वाटलं असेल, आता काय केलंस तर हे नीट होईल, एवढं विचारलं तरी मुलं स्वतःच मार्ग काढतात. फक्त त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच आमच्याकडे नसतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गप्प मुलांची. दंगा करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, त्याच्या पालकांना बोलावणं जातं, पण जे मूल कोणाच्या अध्यात ना मध्यात, त्याच्या प्रगतिपुस्तकावर "शांत व आज्ञाधारक" असा शेरा पडतो आणि आपण समाधानी. कधी तो खरंच स्वभाव असतो, त्याला उगाच बोलतं करायला जाऊ नये. पण कधी ते मूल रोज कोणाचं तरी चिडवणं सहन करत असतं, किंवा घरी काहीतरी बिनसलेलं असतं. "आपापले जोडीदार निवडा" म्हटलं की दरवेळी तेच एक मूल एकटं उरतं. हे दिसत असेल तर गट शिक्षकांनीच पाडावेत, त्या मुलाला काहीतरी ठोस काम द्यावं, आणि डबा खाताना ते कोणाबरोबर बसतं ते बघावं. हे कुठल्या फॉर्मवर भरता येत नाही, पण माझ्या मते अर्धं काम इथेच आहे.

आता तुम्ही म्हणाल की याला पुरावा काय. 2011 मध्ये मुलांच्या सामाजिक-भावनिक विकासासाठीच्या 213 शालेय कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 2 लाख 70 हजारांवर विद्यार्थी होते. अशा कार्यक्रमांतल्या मुलांचं वागणं तर सुधारलंच, पण अभ्यासातली कामगिरीही सरासरी 11 पर्सेंटाइलनी, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत मधलं मूल साधारण 11 जागांनी वर जावं इतकी, वर गेली. आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की अभ्यासातला हा फरक शाळेतल्या स्वतःच्या शिक्षकांनी काम केलं तिथेच दिसला, बाहेरून माणसं आणून घेतलेल्या कार्यक्रमांत नाही. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही सक्षम, आत्मविश्वासू माणसं झाली. त्यांना कशानं तारलं, तर त्यातली एक गोष्ट होती जीव लावणारं एखादं मोठं माणूस, आणि ते कितीदा तरी शिक्षक होते.

पण हे करणारा शिक्षक स्वतः दमलेला, वैतागलेला असेल तर? कॅनडात 2016 च्या एका अभ्यासात दिसलं की ज्या वर्गाचे शिक्षक जास्त थकलेले होते तिथल्या मुलांच्या शरीरात सकाळी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त होतं. त्यामुळे शिक्षकांचा ताण हा आमचा घरगुती प्रश्न आहे असं कृपया समजू नका.

म्हणून विनंती आहे की वर्गातली पटसंख्या एवढी ठेवा की प्रत्येक मुलाशी आठवड्यातून एकदा तरी नीट बोलता येईल. शक्य असेल तिथे तोच वर्गशिक्षक दोन वर्षं राहू द्या, मूल ओळखीचं होईपर्यंत वर्ष संपतं. आणि समुपदेशक द्या, कारण मूल स्वतःला इजा करतंय किंवा घरी मार खातंय असं लक्षात आल्यावर ते ऐकून घेणं आणि योग्य माणसापर्यंत पोचवणं हे आमचं काम आहे, पण उपचार करणं नाही, त्याचं शिक्षण आम्हाला नाही आणि अर्धवट माहितीवर केलेली मदत उलटते. अजून एक, भावनांना मार्क देऊ नका. "सहकार्य : ब" लिहून त्या मुलाला काय कळणार आहे? मार्क आले की मुलं चांगलं वागून दाखवतात, मनातलं सांगत नाहीत.

यातलं काहीच लगेच जमणार नसेल तर एवढं एकच करा. रोज सकाळची पहिली पंधरा मिनिटं वर्गशिक्षकाला वर्गासाठी द्या. त्या वेळात ऑनलाइन माहिती भरणं नको, सूचना नकोत, पोर्शन नको. आम्ही दारात उभं राहून प्रत्येकाला नावानं हाक मारू, कोण काल आलं नव्हतं ते विचारू, ज्याला काही सांगायचंय त्याचं ऐकू. परिपत्रकात फक्त एवढं स्पष्ट लिहा की या पंधरा मिनिटांचा कुठलाही अहवाल मागितला जाणार नाही.

आपली,
एक वर्गशिक्षिका