अर्ज आमचा वेळेत, मग दर नंतरचा का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी एका २४ फ्लॅटच्या जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी. सत्तरच्या दशकात सरकारने सोसायटीला जागा दिली ती भोगवटादार वर्ग-२ म्हणून, म्हणजे फ्लॅट विकायचा तर कलेक्टरची परवानगी लागते. हे निम्म्या लोकांना फ्लॅट विकायला काढल्यावर कळतं, आणि मधे कोणी परवानगी न घेता विकला असेल तर तो शर्तभंग, त्याचा दंड वेगळाच.

८ मार्च २०१९ ला सरकारने नियम काढले, पैसे भरा आणि जागा वर्ग-१ करून घ्या, म्हणजे विकायला परवानगीची कटकट नाही. रहिवासी वापराला रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या किमतीच्या, १५ टक्के, भाडेपट्ट्याची जागा असेल तर २५. पण हा सवलतीचा दर तीन वर्षंच, नंतर तेच ६० आणि ७५ टक्के! नंतर मुदत वाढवली हे खरं, पण ती वाढेल की नाही या धाकधुकीतच सगळ्या सोसायट्या बसल्या होत्या. आता हिशोब बघा, आमची जागा १००० चौरस मीटर, रेडीरेकनर मीटरला ४० हजार, म्हणजे किंमत ४ कोटी. १५ टक्क्याने ६० लाख, माणशी अडीच लाख. ६० टक्क्याने २ कोटी ४० लाख, माणशी दहा लाख. आमच्यातले निम्मे पेन्शनर आहेत हो.

सरकारने पैसे घेऊच नयेत असं मी म्हणत नाही. जागा स्वस्तात मिळाली होती, कबूल. पण आम्ही मुदतीच्या आत अर्ज दिला, जोडीला सातबारा, मिळकत पत्रिका, मूळ वाटपाचा आदेश, सभासदांची यादी सगळं दिलं. त्यानंतर फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, कधी मोजणीचा नकाशा हवा, कधी जुन्या मयत सभासदाच्या वारसांचे कागद हवे, आणि यात मुदत निघून गेली तर? तोंडी सांगतात की पैसे भरायच्या दिवशीचा दर लागणार, लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगला. अहो पण चलन तुम्ही दिल्याशिवाय आम्ही भरणार कुठे? वर दर १ एप्रिलला रेडीरेकनर बदलू शकतो, म्हणजे उशीर त्यांचा आणि भुर्दंड आमचा. अर्ज ज्या तारखेला आवक झाला त्याच तारखेचा दर धरा, एवढं एक वाक्य नियमात स्पष्ट घाला, बाकी काही नको.

आणि सरकारला साधं करता येत नाही असंही नाही. कुळकायद्याने कुळाला मिळालेल्या जमिनीलाही ४३ कलमाची अट आहे, विकायला परवानगी लागते, तिथे २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरला की झालं, रेडीरेकनर नाही की टक्के नाहीत. आम्हाला ४० पट द्या असं म्हणत नाही, ती कसणाऱ्याची जमीन, तिची गोष्ट वेगळी. पण आकडा आधी कळतो ना! (नजराणा हा शब्द कोणी शोधला कोण जाणे, खुशीने देणारा मला अजून भेटायचाय.)

आमच्याकडे २४ पैकी २१ जणांचे अडीच-अडीच लाखाचे चेक खजिनदारांच्या कपाटात पडून आहेत. चेक तीन महिने चालतो, एकदा सगळे बदलून घेतलेत, आता दुसऱ्यांदा मागायला जायचंय.

आपला,
एक वैतागलेला सेक्रेटरी