ताई, उजेड बघायला शिकवलंत त्याबद्दल

प्रिय ताई,

समोरासमोर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय, आता पूर्ण वाचावंच लागेल.

निसर्गचित्रं रंगवायला शिकताना तुमच्याकडून मला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रंगाच्या आधी टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, बघायचा. डोळे बारीक करायचे, पानं फांद्या दिसायच्या बंद होऊन तीन-चार मोठे आकार उरले की मग विचारायचं, यातला सगळ्यात उजळ कुठला आणि सगळ्यात गडद कुठला. आकाश उजळ कारण उजेड तिथूनच येतो, मग सपाट जमीन कारण ती आकाशाकडे तोंड करून पसरलेली असते, मग डोंगराचे उतार, आणि उभी झाडं सगळ्यात गडद. हे तुम्ही पेन्सिलीने चार रेघांत काढून दाखवलंत आणि ते डोक्यात असं फिट बसलं की आता रस्त्याने चालतानाही मी तेच मोजत असते. बर्फ असला, ऊन पडलेली पांढरी भिंत असली की हा क्रम मोडतो, पण कुठे मोडतोय हे कळायला आधी क्रम माहीत हवा ना.

दूरच्या डोंगराचंही तसंच. आपण सगळे तिथे निळा ओतायला धावतो, तुम्ही म्हणायचात आधी त्यातला गडदपणा काढा. मधल्या हवेतून विखुरलेला निळसर उजेड सावल्यांवर चढतो म्हणून लांबच्या सावल्या आधी फिक्या होतात, आणि लांबचा पांढरा ढग उलट किंचित पिवळट दिसतो, कारण त्याच्याकडून येणाऱ्या उजेडातला निळा वाटेतच गळतो. हे ज्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तो आनंद मला अजून कुणाला नीट सांगता आलेला नाही!

आणि पांढऱ्या रंगाचं. टिटॅनियम व्हाइटने रंग उजळतो पण त्याच वेळी थंड, म्हणजे निळसरही पडतो आणि खडूसारखा दिसायला लागतो, म्हणून उन्हातल्या भागात पांढऱ्यासोबत चिमूटभर पिवळा किंवा नारिंगी जाऊ द्यायचा. तुम्ही पॅलेट नाइफने अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून एकाच ढिगातून थंड राखाडी आणि उबदार राखाडी काढून दाखवले होते, काळी ट्यूब न उघडता. माझ्या निम्म्या सावल्या आजही त्याच दोन रंगांतून येतात.

बाहेर बसून काम करताना तुमचा दोन तासांचा नियम मी अजून पाळते. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, सावल्या पार दुसरीकडे जातात, म्हणून सावल्यांच्या जागा सुरुवातीलाच पक्क्या करायच्या आणि नंतर कितीही सुंदर ऊन आलं तरी त्याच्या मागे धावायचं नाही. व्हॅलेन्सिएन या फ्रेंच चित्रकाराने 1800 सालीच जास्तीत जास्त दोन तास आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धा तास असं लिहून ठेवलंय, हे तुमच्याकडूनच कळलं. मोने या फ्रेंच चित्रकाराने 1890-91 मध्ये गवताच्या गंजी रंगवताना उजेड बदलला की कॅनव्हासच बदलला, तीच शिस्त. कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराने 1821-22 मधल्या ढगांच्या स्टडीजच्या, म्हणजे समोर बघून केलेल्या छोट्या अभ्यासचित्रांच्या मागे तारीख, वेळ, वारा लिहिलाय, ती सवय मी उचललीये आणि स्टुडिओत मोठं चित्र करताना त्या दोन ओळी जेवढ्या कामाला येतात तेवढं दुसरं काहीच येत नाही.

स्टुडिओबद्दल थोडक्यात. कॅनव्हास आणि पॅलेट एकाच उजेडात हवेत, आणि पिवळ्या बल्बखाली रंग मिसळायचे नाहीत, कारण डोळा त्याची भरपाई करायला जातो आणि सकाळी चित्र निळं पडलेलं दिसतं. आता 5000 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा लावलाय. कंपोझिशन, म्हणजे चित्रातली मांडणी, अडलं की चित्र आरशात बघते किंवा उलटं करून ठेवते, झाड झाड वाटेनासं होतं आणि वजन कुठे कलतंय ते लगेच कळतं.

हे सगळं तुम्ही हातचं काहीही न राखता दिलंत, स्वतःचं काम बाजूला ठेवून, आणि माझ्या चित्राला स्वतःचा ब्रश कधीच लावला नाहीत. शिकवणारे बरेच असतात, पण समोरच्याच्या चित्राला हात न लावता थांबणं फार थोड्यांना जमतं असं मला वाटतं.

एका बाबतीत मात्र आपलं अजून जुळत नाही. फोटोत सावल्या काळ्या होतात आणि आकाश पांढरं पडतं हे मान्य, पण फांद्यांचं ड्रॉइंग तपासायला फोटो वापरायला काय हरकत आहे? सध्या नदीकाठचं मोठं चित्र एकदा फक्त स्टडीवरून आणि एकदा फोटो शेजारी ठेवून असं दोन्ही करतेय. दोन्ही घेऊन येते, कुठलं कुठलं ते सांगणार नाही, तुम्हीच ओळखा.

तुमची,
अजूनही डोळे बारीक करून बघणारी विद्यार्थिनी